मधुमेह : रोगाची ओळख, प्रतिबंध आणि निदानानंतरचे जीवन

(शिक्षक-संमेलनातील भाषणाचा पाठ)



खेड्यातील शाळा ही केवळ अक्षरओळखीची जागा नसते. दवाखान्यातून मिळालेला तपासणीचा कागद समजावून घेण्यासाठी आजही कित्येक पालक शाळेची पायरी चढतात. त्या कागदावर अलीकडे एक आकडा वारंवार दिसू लागला आहे. तो म्हणजे रक्तातील साखरेचा. त्या आकड्याचा अर्थ शिक्षकाने नीट सांगितला, तर घरातील माणसे वेळीच सावध होतात. तो चुकीचा सांगितला गेला, तर कोणी विनाकारण हाय खातात, तर कोणी कागद फडताळात टाकून देतात व पाच-दहा वर्षांनी डोळे किंवा पाय गमावण्याची वेळ आली की त्याची आठवण करतात. पुष्कळदा तर तो कागद शिक्षकाचा स्वतःचाच असतो. यास्तव या रोगाचे स्वरूप, त्याचा धोका ओळखण्याची रीत आणि निदान झाल्यानंतर जगण्याची शिस्त, या तिन्ही गोष्टी प्राथमिक शिक्षकाला स्पष्टपणे ठाऊक असणे अगत्याचे आहे.

१. रोग जुना, ज्ञान नवे

मधुमेह हा नवा रोग नव्हे. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत प्रमेहाचे विस्तृत वर्णन आहे. रुग्णाच्या लघवीकडे मुंग्या धाव घेतात, हे निरीक्षण प्राचीन भारतीय वैद्यांनी करून ठेवले होते. सुश्रुताने रोग्यांचे दोन वर्ग कल्पिले : एक जन्मापासूनच दोष घेऊन आलेला, बहुधा कृश, दुसरा अपथ्याने रोग ओढवून घेतलेला, बहुधा स्थूल. आजच्या वैद्यकातील प्रकारांशी हे वर्गीकरण तंतोतंत जुळत नाही. तथापि रोग एका जातीचा नाही, हे त्या काळी ओळखले गेले होते, ही गोष्ट लक्षणीय होय.

रोग ओळखता आला तरी उपाय मात्र हाती नव्हता. विशेषतः लहान मुलांना हा रोग जडला, की वर्ष-दोन वर्षांत त्यांचा अंत ठरलेला असे. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे काढले आणि जेम्स कॉलिप यांनी ते माणसाला टोचण्याइतके शुद्ध केले. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड टॉमसन या १४ वर्षांच्या मरणासन्न मुलाला ते देण्यात आले. पहिल्या टोचणीने फारसे साधले नाही. शुद्ध केलेल्या दुसऱ्या द्रावणाने मात्र त्याच्या रक्तातील साखर उतरली व तो त्यानंतर तेरा वर्षे जगला. या शोधाचे हक्क संशोधकांनी टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एक डॉलर घेऊन देऊन टाकले. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेहदिन म्हणून पाळला जातो. भारतीय शाळांत त्याच दिवशी बालदिन साजरा होतो. हा योगायोग असला तरी शिक्षकांनी त्याचा उपयोग करून घेण्यासारखा आहे.

२. शरीरात काय बिघडते

या रोगाचे मर्म समजावून देण्यास सोलापूर जिल्ह्यात कालव्याचा दाखला पुरेसा आहे. उजनीचे पाणी कालव्यातून येते, चाऱ्यांतून गावोगाव पोहोचते. परंतु चारीचे दार उघडल्याखेरीज ते शेतात शिरत नाही. खाल्लेल्या अन्नाची पोटात साखर बनते व ती रक्ताबरोबर सर्वत्र हिंडते. पेशींत शिरण्यासाठी मात्र दार उघडणारा कोणी लागतो. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन हा तो दार उघडणारा होय.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकीने स्वादुपिंडातील इन्सुलिन करणाऱ्या पेशी नष्ट करते. दार उघडणाराच उरत नाही. हा प्रकार बहुधा मुलांत व तरुणांत आढळतो. त्यात ना मुलाचा दोष असतो, ना आईच्या स्वयंपाकाचा. बाहेरून इन्सुलिन देणे हाच त्यावर एकमेव इलाज आहे. दुसऱ्या प्रकारात दार उघडणारा असतो, पण दारे गंजलेली असतात. त्याला दुप्पट जोर लावावा लागतो आणि अनेक वर्षे असा जोर लावून तो थकतो. प्रौढांतील बहुसंख्य रुग्ण या प्रकारचे असतात. गरोदरपणात उद्भवणारा मधुमेह हा आणखी एक प्रकार. तो बाळंतपणानंतर बहुधा ओसरतो, परंतु त्या मातेला व तिच्या अपत्याला पुढील आयुष्यात धोका असल्याची सूचना देऊन जातो.

कालवा तुडुंब आणि पीक मात्र सुकलेले, अशी ही स्थिती असते. रुग्णाला थकवा येतो, भूक लागते, वजन घटते, कारण साखर पेशींपर्यंत पोहोचत नाही. तहान लागते व वारंवार लघवीला जावे लागते, कारण जादा साखर शरीर पाण्याबरोबर बाहेर टाकू पाहते. आणि ज्याप्रमाणे सतत पाणी साचलेली काळी जमीन वर्षानुवर्षांनी क्षारपड होऊन नापीक बनते, त्याप्रमाणे साखरेत भिजत राहिलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या हळूहळू निकामी होतात. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, पायांच्या नसा व हृदय यांची हानी अशीच, वेदना न होता, घडत असते. जमीन बिघडल्याचे जसे एका हंगामात कळत नाही, तसेच हेही कळत नाही. या रोगाचा खरा धोका त्याच्या या मौनात आहे.

३. धोका कोणाला

मधुमेह हा शहरातील, सुखवस्तू आणि लठ्ठ माणसांचा रोग आहे, अशी समजूत अजून खेड्यांतून दृढ आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे पूर्वमधुमेहाच्या अवस्थेत होते. मधुमेहाचे प्रमाण शहरांत अधिक आढळले हे खरे. परंतु उंबरठ्यावरील लोकांच्या बाबतीत खेडे व शहर यांत जवळजवळ भेद उरलेला नव्हता.

भारतीय माणूस बारीक दिसत असूनही या रोगाला का बळी पडतो, या प्रश्नाचा विचार महाराष्ट्रातच फार खोलवर झाला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांतील माता व बालके यांचा पाठपुरावा केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले; इंग्लंडमधील बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. परंतु ही कृश बालके स्नायूंनी कृश होती. कातडीखालील चरबी मात्र त्यांनी राखून ठेवली होती. वरून बारीक, आतून चरबीयुक्त, असे हे भारतीय शरीर. २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी आपले इंग्रज सहकारी प्राध्यापक युडकिन यांच्याशी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांच्याही वजनाचा निर्देशांक २२.३ असा समान होता. पण शरीरातील चरबी युडकिन यांच्या ठायी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या ठायी २१.२ टक्के निघाली. काट्यावरचे वजन सारखे असूनही धोका सारखा नसतो, हे याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

या अभ्यासाचा शिक्षकांच्या दृष्टीने आणखी एक अर्थ आहे. गर्भावस्थेतील कुपोषण अपत्याच्या पुढील आयुष्यातील मधुमेहाचे बीज पेरते, आणि मातेच्या रक्तातील ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची उणीव हे त्यातील एक महत्त्वाचे कारण असू शकते, असे या संशोधनातून दिसून आले. दूध, ताक, अंडी, मासळी यांतून हे जीवनसत्त्व मिळते. सातवीच्या वर्गात बसलेली मुलगी ही उद्याची माता होय. तिला आज पोटभर व सकस अन्न मिळणे, तिचे लग्न अकाली न होणे आणि तिची शाळा न सुटणे, या गोष्टी पुढील पिढीच्या मधुमेहाशी जोडलेल्या आहेत.

आता सोलापूर जिल्ह्याचा विचार करावा. हा जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. कष्ट आणि भाकरी यांचा मेळ येथील शरीरांनी पिढ्यान् पिढ्या जुळविला होता. तो मेळ आता मोडला आहे. ताटात भाकरीच्या जोडीला किंवा जागी गव्हाची पोळी व पांढरा भात आला. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात चहा अधिकाधिक गोड झाला. आणि शेताला, शाळेला, बाजाराला पायी किंवा सायकलने जाणारा माणूस मोटरसायकलवर बसला. खड्ड्याच्या मागावर विणकराचे हातपाय दिवसभर चालत. यंत्रमागावर तितके चालत नाहीत. विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रिया दिवसाचे कित्येक तास एकाच बैठकीत बसून असतात. शिक्षकही यास अपवाद नाही. मुक्कामाचे गाव आणि शाळेचे गाव वेगळे झाल्यापासून त्याचे चालणे फाटकापासून वर्गापर्यंतच उरले आहे.

ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा रोग आहे, ज्यांच्या कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर याहून अधिक आहे, ज्यांना रक्तदाब आहे, ज्या स्त्रियांना गरोदरपणी साखर वाढली होती, तसेच जे तंबाखूचे व्यसनी आहेत, त्यांनी स्वतःस धोक्याच्या यादीत धरावे. घेर मोजण्यास शिंप्याची फीत पुरेशी आहे.

४. तपासणी आणि आकड्यांचा अर्थ

तिशीनंतर प्रत्येकाने ही तपासणी करून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात व उपकेंद्राच्या जागी उभ्या राहिलेल्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत तिची सोय केलेली असते. आकड्यांचा अर्थ पुढीलप्रमाणे लावावा.

(अ) उपाशीपोटी रक्तातील साखर १०० पेक्षा कमी असल्यास ती प्राकृत. १०० ते १२५ असल्यास पूर्वमधुमेह. १२६ किंवा अधिक असल्यास मधुमेह. (हे माप दर डेसिलिटर रक्तात इतके मिलिग्रॅम असे असते.)

(आ) ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी १४० पेक्षा कमी असल्यास प्राकृत; १४० ते १९९ असल्यास पूर्वमधुमेह; २०० किंवा अधिक असल्यास मधुमेह.

(इ) मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी ‘एचबीएवनसी’ ही तपासणी ५.७ ते ६.४ टक्के असल्यास पूर्वमधुमेह, ६.५ टक्के किंवा अधिक असल्यास मधुमेह.

लक्षणे नसताना एकाच तपासणीवरून निष्कर्ष काढू नये; ती पुन्हा करून खात्री करून घ्यावी. बोटाच्या थेंबावर चालणाऱ्या लहान यंत्राचा आकडा ही सूचना समजावी. अंतिम निदान प्रयोगशाळेतील तपासणीवर व डॉक्टरांवर सोपवावे.

पूर्वमधुमेह हा शब्द ऐकून अनेकांना हायसे वाटते. वास्तविक हीच कामाची वेळ असते. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशा ५३१ भारतीय व्यक्तींचा तीन वर्षे अभ्यास करून २००६ साली निष्कर्ष मांडले. ज्यांना केवळ नेहमीचा सल्ला मिळाला, त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांनी आहार व चालणे यांत सातत्याने बदल केला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. म्हणजे शंभरातील सोळा माणसे केवळ शिस्तीच्या बळावर उंबरठ्याच्या अलीकडे थांबली. याबरोबरच हेही ध्यानी घ्यावे, की शिस्त पाळूनही ३९ जणांना रोग झालाच. म्हणून ज्याला रोग झाला, त्याने तो स्वतःच्या दुर्गुणांनी ओढवून घेतला, असे बोलण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

५. निदानानंतरचे जीवन

निदान झाल्यावर पहिले काही दिवस मन सैरभैर होते. कोणी रोग लपवितो, कोणी सर्व अन्नच सोडतो, कोणी महिनाभर कडक पथ्य करून कंटाळतो. मधुमेह हा पाहुणा नसून घरातील कायमचा सोबती आहे, हे ओळखून त्याच्याशी वागण्याची रीत शांतपणे ठरवावी लागते.

आहार. रुग्णासाठी वेगळा स्वयंपाक करणे ही चूक होय. त्याला हितकर असलेले ताट घरातील सर्वांनाच हितकर असते. ताटाचे मनाशी चार भाग करावेत. दोन भाग पालेभाजी, फळभाजी, कांदा-काकडी-मुळा यांचे. एक भाग डाळ, उसळ, दही, अंडे अथवा मासळीचा. उरलेला एक भाग भाकरी, पोळी किंवा भाताचा. ज्वारीची भाकरी पांढऱ्या भातापेक्षा बरी, कारण तिच्यात कोंडा अधिक असतो; परंतु भाकरी म्हणजे औषध नव्हे. सोलापूरची कडक भाकरी पापडासारखी कुरकुरीत लागते आणि शेंगांच्या चटणीबरोबर किती खाल्ली याची मोजदाद राहत नाही. धान्य कोणतेही असो, मोजदाद ठेवावीच लागते. गूळ, मध व काकवी ही साखरेचीच भावंडे होत. फळे बेताने व चावून खावीत, त्यांचा रस काढून पिऊ नये.

पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, तेथे उपवासाचा विचार टाळून चालणार नाही. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण मधुमेहाच्या रुग्णाला शब्दशः लागू पडते. साबुदाणा, बटाटा व रताळे यांत पिष्ट भरपूर असते आणि एका ताटात ती सर्व एकवटली, की साखर झपाट्याने चढते. याउलट इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने निर्जळी उपवास केल्यास ती धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. उपवास करावयाचाच असेल, तर डॉक्टरांना आधी विचारून औषधाचे प्रमाण ठरवून घ्यावे.

चालणे. आठवड्यास किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, झपझप चालावे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची फेरीही उपकारक ठरते. स्नायू चालू लागले, की इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ते साखर ओढून घेतात. गंजलेल्या दारांना बगल देणारी ही वाट आहे. आषाढातील वारीने पुण्य लाभत असेल, परंतु वर्षातून एकदा चाललेल्या मजलांनी उरलेल्या अकरा महिन्यांची बैठक भरून निघत नाही.

औषधे. साखर उतरली म्हणून गोळी बंद करणे ही अत्यंत घातक सवय आहे. ती गोळीमुळेच उतरलेली असते. आरंभीच्या वर्षांत ठेवलेला ताबा पुढे फळ देतो. इंग्लंडमध्ये वीस वर्षे चाललेल्या व १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कसून उपचार घेणाऱ्यांत डोळे, मूत्रपिंडे इत्यादींची हानी सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळली. आणि त्यानंतरच्या दहा वर्षांतही त्यांचा हा लाभ टिकून राहिला. काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने ‘ब-१२’ कमी होते. हातापायांना मुंग्या येत असतील, तर तेही तपासून घ्यावे.

इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी, ते सुरू झाले की माणूस संपला, ही समजूत निराधार आहे. त्याचे व्यसन लागत नाही. शरीराला जे कमी पडते ते त्याने पुरविले जाते. कारले, मेथी व जांभूळबी यांना आहारात स्थान असू द्यावे, औषधाच्या जागी मात्र त्यांना बसवू नये. ‘मधुमेह मुळापासून बरा करतो’ असे सांगून इन्सुलिन सोडावयास लावणाऱ्या माणसाच्या नादी लागून पहिल्या प्रकारच्या मुलाने ते सोडले, तर थोड्याच दिवसांत त्याचा प्राण जाऊ शकतो. येथे भिडस्तपणा उपयोगी नाही. गावात असा प्रचार दिसल्यास शिक्षकाने पालकांस स्पष्ट शब्दांत सावध करावे.

पाय, डोळे, मूत्रपिंडे. नसा बधिर झाल्यावर काटा रुतलेला कळत नाही, तापलेल्या डांबराचा चटका जाणवत नाही, चिखलात भिजलेल्या पायाची जखम दिसत नाही. अनवाणी शेतात जाणारा शेतकरी आणि अनवाणी चालणारा वारकरी, दोघांनाही हा धोका आहे. रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवा आरशात किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावा. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिन व पायांची संवेदना तपासून घ्यावी. रक्तदाब वरचेवर पाहावा. तंबाखू व विडी सोडावी.

शेवटी घरातील स्त्रीविषयी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले, कधी जास्त, कधी अर्धपोटी, आणि तेही अवेळी खाणाऱ्या गृहिणीला कोणतेच पथ्य पाळता येत नाही. नवऱ्याची गोळी संपली, तर ती त्याच दिवशी आणली जाते. तिची संपली, तर बाजाराच्या दिवसापर्यंत थांबते. ज्या घरात आई वेळेवर जेवते, त्या घराने मधुमेहाविरुद्धची अर्धी लढाई जिंकली असे समजावे.

६. शाळेतील मूल

पहिल्या प्रकारचा मधुमेह शाळेतील कोणत्याही मुलास होऊ शकतो. त्याची चार चिन्हे प्रत्येक शिक्षकाने पाठ करावीत : वारंवार तहान, वारंवार लघवी, थोड्याच आठवड्यांत वजन घटणे आणि विलक्षण थकवा. तासाला दोन-दोन वेळा बाहेर जाऊ मागणारे मूल खोडकर असेलच असे नाही. आठ-नऊ वर्षांचे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, असे आई संकोचाने सांगते, तेव्हा तिकडे दुर्लक्ष करू नये. उलट्या, पोटदुखी, धाप लागल्यासारखा खोल श्वास, श्वासाला पिकल्या फळासारखा वास व गुंगी ही पुढची लक्षणे होत. ती दिसली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता मुलाला साखर तपासण्याची सोय असलेल्या दवाखान्यात त्याच घटकेस पोहोचवावे. अशी मुले पोटदुखीची किंवा तापाची म्हणून घरीच ठेवली जातात व दगावतात. बोटातून काढलेला रक्ताचा एक थेंब काही क्षणांत निदानाची दिशा दाखवितो. तो थेंब वेळेवर तपासला जाणे पुष्कळदा शिक्षकाच्या एका वाक्यावर अवलंबून असते.

निदान झालेले मूल शाळेत परत आल्यावर शिक्षकाने पालकांशी बोलून पुढील गोष्टींची लेखी नोंद ठेवावी : इन्सुलिन केव्हा घ्यावयाचे, खाणे केव्हा, कोणत्या डॉक्टरांचा सल्ला, कोणास कळवावयाचे. मुलाला पाणी पिण्यास व लघवीस केव्हाही जाण्याची मोकळीक असावी. वेळेवर डबा खाऊ द्यावा, मग तास चालू असो वा परीक्षा. केंद्रीय माध्यमिक मंडळाने २०१७ साली अशा विद्यार्थ्यांस परीक्षागृहात खाऊ नेण्याची मुभा दिली. प्राथमिक शाळेत तितकीच समज दाखविण्यास कोणाच्या हुकमाची गरज नसावी. पोषण आहारातील खिचडी या मुलाला वर्ज्य नाही. इन्सुलिनचा मेळ घालून ते इतरांबरोबर पंक्तीत बसू शकते. त्याने खेळातही भाग घ्यावा.

साखर एकाएकी ७० च्या खाली उतरली, तर मुलाला घाम सुटतो, हात कापतात, ते चिडचिडे होते किंवा असंबद्ध बोलू लागते. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तितकीच द्यावी आणि सावरल्यावर काही खावयास द्यावे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये; कुशीवर निजवून तत्काळ दवाखाना गाठावा. प्रत्येक वर्गाच्या कपाटात साखरेची एक झाकणाची डबी असावी. खडूच्या डबीइतकीच ती आवश्यक आहे.

इन्सुलिन उन्हात खराब होते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर चढतो आणि प्रत्येक घरी शीतकपाट असतेच असे नाही. एका मोठ्या माठात ओली वाळू घालून त्यात लहान मडके बसवावे व त्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा बंद डबीत, बाटली ठेवावी; वाळू रोज भिजवावी व माठ सावलीत, वाऱ्यावर असावा. वापरात असलेली बाटली अशा गारव्यात साधारण महिनाभर टिकते. शीतकपाट असल्यास ती बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

मूल मुलगी असेल, तर पुढील लग्नाच्या धास्तीने घरचे लोक रोग लपवितात आणि लपविताना टोचण्या चुकतात. हा रोग स्पर्शाने होत नाही आणि उपचार नीट घेतल्यास शिक्षण, नोकरी, संसार व मातृत्व यांपैकी काहीही अडत नाही, हे शिक्षकाने पालकांना व वर्गालाही सांगितले पाहिजे. वर्गाने चिडविणे थांबविले, तर मूल टोचणी लपवीत नाही.

७. शाळेला करता येण्याजोगे कार्य

या कार्यासाठी निधी किंवा इमारत लागत नाही. गणिताच्या तासाला एक उदाहरण घालावे : रोज चार कप चहा, प्रत्येक कपात पाच ग्रॅमचे दोन चमचे साखर, तर महिन्यास किती? उत्तर १,२०० ग्रॅम येते. प्रौढाने दिवसाची वरची साखर शक्यतो २५ ग्रॅमपर्यंत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविले आहे, हे त्यानंतर सांगावे. मुले घरी जाऊन आपोआप हिशेब मांडतील. पालकसभेच्या दिवशी आरोग्यसेविकेस बोलावून तिशीपुढील स्त्री-पुरुषांची साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल, त्या दिवशी संशयित मुलांची नावे तयार ठेवावीत. वाढदिवसाला गोळ्या-चॉकलेटांऐवजी शेंगदाणे, हरभरे किंवा फळ वाटण्याची प्रथा पाडावी. खेळाचा तास इतर विषयांसाठी कापून घेऊ नये.

आणि शिक्षकाने स्वतःची तपासणी करून घ्यावी. शाळेत चहाचा कप बिनसाखरेचा मागणारा, मधल्या सुट्टीत मैदानाला दोन फेऱ्या घालणारा आणि आपली गोळी न लाजता सर्वांदेखत घेणारा शिक्षक या विषयाचा पाठ रोज देत असतो. ज्या गावात शिक्षकाने आपला रोग लपविला नाही, त्या गावात दुसऱ्यांनाही तो लपवावासा वाटत नाही. आणि उघड झालेला मधुमेह हा लपलेल्या मधुमेहापेक्षा नेहमीच कमी घातक असतो.